पूजेत ठेवलेली पक्कड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला फोनवर नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर मुळीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण परवा दसऱ्याला जे झालं त्यानंतर — नाही, तिथून नको. आधीपासून सांगते.

मिलिंद आणि अनघा इथे हॉलंडमध्ये आमच्याच बेस्ट गावात राहतात, दोन गल्ल्या सोडून. मिलिंद माझ्याहून आठ वर्षांनी लहान. मला ताई म्हणतो, आणि नुसतं तोंडदेखलं नाही. चार वर्षांपूर्वी त्याने बरी चाललेली नोकरी सोडली. दोघांना मिसळीचा फिरता गाडा काढायचा होता. गेमेंटेकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, बाजारात उभं राहायची परवानगी मिळवली, जुनी व्हॅन घेतली, आणि कुणीतरी अमेरिकेतून आणलेला एक ट्रेलर. इथल्या ट्रेलरचे ब्रेक पुढची गाडी थांबली की धक्क्याने आपोआप लागतात. याचे विजेवरचे होते. म्हणजे व्हॅनमध्ये एक कंट्रोलर बसवायचा आणि तिथून एक निळी तार मागे ट्रेलरपर्यंत न्यायची. पुढे पाय दाबला की त्या तारेतून वीज जाते आणि ट्रेलरची चाकंही थांबतात.

गॅरेजवाल्याने तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. मिलिंदला दसऱ्याला पूजा करून दुसऱ्या दिवशी रॉटरडॅमला पहिला गाडा लावायचा होता. मीच म्हटलं, "घरात इंजिनिअर असताना गॅरेज कशाला?" कॉम्प्युटरच्या चिपा बनवणाऱ्या यंत्रांमध्ये माझी वीस वर्षं गेलीत. दिसतही नाहीत असल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. एक निळी तार म्हणजे काय मोठं? — हा माज. तो आधी कबूल करते.

काम मी नीटच केलं. एक जोड सोडून. व्हॅनच्या खाली, मागच्या बाजूला, निळ्या तारेचे दोन तुकडे जोडायचे होते आणि जोडाच्या नळ्या संपल्या होत्या. तारा नुसत्या पिळल्या, वर काळी टेप गुंडाळली. सकाळी नळ्या आणून पक्कडीने दाबून पक्कं करू, असं ठरवलं. नळ्या आणल्यासुद्धा.

तोवर नवऱ्याने दसऱ्याची पूजा मांडली होती. माझा लॅपटॉप, मीटर, पोरांच्या सायकली — आणि ती पक्कड. हळदकुंकू वाहून झालं होतं, झेंडू घातला होता. पूजेतल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नसतो, हे तुम्हाला माहीत आहे. मला मात्र ते पाळायचं होतं म्हणून मी थांबले का? मी काही एवढी देवभोळी नाही. दारात वीस माणसं उभी होती. व्हॅनला हार घातला होता, चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. पूजेतून पक्कड उचलायची म्हणजे सगळ्यांसमोर सांगायचं की ताईंचं काम अर्धवट राहिलंय. ते मला जमेना.

कंट्रोलरचा हिरवा दिवा लागला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यावर नवऱ्याने कुंकवाचं बोटही टेकवलं. मिलिंदने हळूच विचारलं, "ताई, चालवून टेस्ट केलीस ना?"

"केली," मी म्हटलं.

केली नव्हती. संध्याकाळी करता आली असती. संध्याकाळी पाहुणे गेले, मी दमले होते, आणि हिरवा दिवा लागला होता ना?

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस होता. हायवेवरून उतरताना पुढे सिग्नल लाल झाला. मिलिंदने ब्रेक दाबला. व्हॅन थांबत होती, ट्रेलर थांबत नव्हता. त्याने व्हॅनला मागून ढकलत आडवं केलं आणि अनघाच्या बाजूने कठड्यावर नेऊन आपटलं. तिच्या डाव्या हाताची मूठ आजही पूर्ण मिटत नाही.

फोन आला तशी मी निघाले. मिलिंद हॉस्पिटलमध्ये तिच्याजवळ बसला होता. व्हॅन ओढून नेऊन जिथे ठेवली होती, तिथून अनघाचं सामान आणायला मी एकटी गेले. पर्समध्ये पक्कड होती. सामान आणायला जाताना पक्कड कशाला घेतली होती मी? — मला माहीत होतं. बघायच्या आधीच माहीत होतं. ओल्या जमिनीवर उताणी पडून खाली सरकले. टेप लोंबत होती, जोड सुटला होता. मी नळी घातली आणि दाबली. पक्कडीच्या मुठीवर आदल्या दिवशीचं कुंकू होतं, ते बोटांना लागलं.

याहून वाईट पुढे आहे. ट्रेलरचा ब्रेक किती जोरात लागावा, हे ठरवायला कंट्रोलरवर एक चकती असते. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मी मिलिंदला विचारलं, "तू ती चकती कमी तर नव्हती ना केलीस?" अगदी मायेने विचारलं. तो म्हणाला, "आठवत नाही गं. केली असेल." विम्याच्या माणसाने नंतर सगळं तपासलं. वायरिंग उत्तम, असा शेरा दिला.

तेव्हापासून मिलिंदने स्टिअरिंग हातात धरलेलं नाही. ट्रेलर विकला. पुन्हा नोकरी धरली, पहिल्यापेक्षा खालची. अनघा भरल्या घरात त्याला कधी एक शब्द बोलली नाही, पण परातीत कणीक मळायला तोच बसतो आणि ती दुसरीकडे बघत असते. हे मी चार वर्षं बघतेय. त्यांच्या घरी जेवून येतेय.

परवा दसऱ्याला दोघं आले. आपटा इथे मिळत नाही, आम्ही कुंपणाला लावलेल्या बीच नावाच्या झाडाची पानं सोनं म्हणून वाटतो. मिलिंदने पिशवीतून तो कंट्रोलर काढला, पुसून स्वच्छ केलेला. म्हणाला, "ताई, हा तुझ्या पूजेत ठेव. तू एवढ्या मेहनतीने बसवला होतास, मी सगळ्यावर पाणी फिरवलं. तुझी माफी मागायची राहूनच गेली होती."

मग त्याने माझ्या हातात पान ठेवलं आणि पाया पडायला वाकला. मागे अनघा उभी होती. तोंड उघडायला तेवढा वेळ पुरेसा होता. घर भरलेलं होतं, पण चार वर्षांपूर्वीही भरलेलंच होतं.

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे रे," म्हटलं, आणि त्याला माफ केलं.