साडभाऊंचं आभाळ

गोल्फ खेळणारी माणसं चेंडूकडे बघतात. माझे साडभाऊ आभाळाकडे बघून गोल्फ खेळत, आणि असा खेळाडू दुसरा झालेला नाही, हे मी कुठेही शपथेवर सांगायला तयार आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. भंडाऱ्याजवळच्या वरठीच्या पलीकडे एका कारखान्यात ते हिशेब खात्यात अधिकारी होते. कारखान्याच्या वसाहतीला लागून नऊ भोकांचं गोल्फचं मैदान होतं. कोण्या एका जुन्या मोठ्या साहेबाला त्या खेळाची हौस होती. साहेब बदलून गेले, मैदान राहिलं. एका बाजूला वसाहतीची भिंत, बाकी तिन्ही बाजूंना तारेपलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि मधल्या हिरवळीवर कोणाच्या तरी म्हशी. अधिकारी झालं की गोल्फ खेळायचा, अशी तिथली रीत होती. साडभाऊ मूळचे दिघोरीकडचे. त्यांनी काठी पहिल्यांदा हातात घेतली ती पन्नाशीला टेकल्यावर, आणि ती धरण्याची त्यांची पद्धत अखेरपर्यंत कुदळीची राहिली.

खेळातलं त्यांना फारसं काही जमलं नाही. मात्र विजेचा धोका वाटला तर खेळाडूला आपल्या मनाने खेळ थांबवता येतो, असा एक नियम गोल्फच्या जाड पुस्तकात आहे, तेवढा त्यांना तोंडपाठ होता. बाकीचं पुस्तक त्यांनी उघडल्याचं कोणी पाहिलं नाही. पावसाळा लागला की त्यांची मान थोडी पूर्वेकडे कलायची. "आवाज आला का तुम्हाले?" हे ते दर भोकाला एकदा तरी विचारत. आपण नाही म्हटलं की म्हणत, "मले आला." मग छत्री मिटायची, काठी तिथेच आडवी ठेवायची आणि क्लबच्या पक्क्या इमारतीची वाट धरायची. वाटेत चारी बाजूंनी उघडं असं पत्र्याचं एक छप्पर होतं, खाली बाकं टाकलेली. नवखा माणूस हमखास तिकडे वळे. साडभाऊ त्याचा दंड धरून त्याला पुढे नेत. "हे पावसासाठी आहे. विजेसाठी नाही." तारेलगतच्या मोहाच्या मोठ्या झाडाकडे तर ते जामिनावर सुटलेल्या माणसाकडे बघावं तसं बघत. इमारत लांब असली तर कोणाची तरी मोटार उघडायला लावत, आणि काचा वर करून चार-चार साहेब उकाड्यात घामाघूम होऊन बसलेले मी स्वतः पाहिले आहेत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पाऊल टाकायचं नाही. मध्येच पुन्हा गडगडलं, की अर्धा तास नव्याने सुरू.

एकदा वरठीच्या रुळांवरून मालगाडी गेली आणि साडभाऊंनी सगळ्यांना मोटारीत घातलं. अर्धा तास संपत आला तेव्हा दुसरी मालगाडी आली. ही गाडी आहे, ढग नव्हे, असं सगळ्यांनी परोपरीने सांगितलं. साडभाऊंनी ते मान्य केलं, पण दार उघडू दिलं नाही. "गाडीच असंल," ते म्हणाले, "पण गाडीच्या आवाजात ढगाचा आवाज दबून जाते." साडभाऊ हरायला लागले की गडगडतं, असं मंडळी त्यांच्यामागे बोलत. साडभाऊ नेहमीच हरत असल्यामुळे या आरोपाची शहानिशा करता येत नव्हती. भंडारा जिल्ह्याची वाटणी होऊन पूर्वेकडचा गोंदिया वेगळा झाला तेव्हा कार्यालयं वाटली गेली, कर्मचारी वाटले गेले, कपाटं आणि जीपगाड्यासुद्धा वाटल्या गेल्या. ढगांचं कोणी काही ठरवलंच नाही, अशी साडभाऊंची त्यावर तक्रार होती. "तिकडचे ढग अजून इकडेच येऊन राहिले," ते मला गंभीरपणे सांगत. माझ्या बायकोने एकदा त्यांना विचारलं, "भाऊजी, विजेची एवढी भीती काहून वाटते तुम्हाले?" त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "भीती नाही," ते म्हणाले. "माझं मत आहे ते."

नंतरच्या एका पावसाळ्यात साडभाऊ कारखान्याच्या स्पर्धेत अंतिम सामन्यात पोहोचले. हे कसं झालं ते मला सांगता येणार नाही. चांगले खेळणारे दोघे बदलून गेले होते, एकाचं मनगट मुरगळलं होतं, एवढं खरं. स्पर्धा एरवी हिवाळ्यात व्हायची. त्या वर्षी करंडक द्यायला येणाऱ्या नागपूरच्या पाहुण्यांना पावसाळ्यातच सवड होती. भंडाऱ्याच्या दुकानातून आणलेला घागरीएवढा पितळी करंडक क्लबच्या टेबलावर मांडला होता. ताई, म्हणजे साडभाऊंच्या पत्नी, नवं लुगडं नेसून आल्या होत्या. मी आणि माझी बायकोही होतो. शेवटच्या भोकाशी साडभाऊंचा चेंडू वीतभर अंतरावर येऊन थांबला. तो नुसता ढकलला की करंडक त्यांचा. त्यांनी काठी लावली, आणि त्यांची मान पूर्वेकडे कलली.

"साडभाऊ, मालगाडी आहे," मी घाईघाईने म्हणालो.

"नाही," ते म्हणाले आणि त्यांनी काठी खाली ठेवली.

त्यांच्याशी खेळणारे यंत्रशाळेचे प्रमुख भले गृहस्थ होते. "मारा ना साहेब," ते म्हणाले, "वीतभर तर राहिलं."

"विजेले वीतभर काय अन् कोसभर काय," असं म्हणून साडभाऊ चालू लागले. नियम त्यांच्या बाजूने होता, त्यामुळे पाहुण्यांसकट सगळे त्यांच्यामागे इमारतीत आले. भजी आली. थोड्या वेळाने खरोखरच गडगडलं आणि पूर्वेकडून आभाळ काळं होत आलं. साडभाऊंच्या चेहऱ्यावर समाधान दिसेल असं मला वाटलं होतं. ते खिडकीशी उभे होते आणि बाहेर काहीतरी बघत होते. तारेपलीकडच्या बांधीत पाच-सहा बाया रोवणी करत होत्या. पाठीवर प्लास्टिकचे कागद बांधून, वाकून, चिखलात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, खोचत होत्या. जवळ आडोसा म्हणजे ते मोहाचं झाड.

साडभाऊ दार उघडून बाहेर पडले. "अहो, जाऊ नका!" ताई ओरडल्या. ते धावत होते. अर्ध्या तासाच्या आत ज्यांनी कधी पायरी ओलांडली नाही ते साडभाऊ, भर मैदानातून, पांढऱ्या पँटीत, धावत होते. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, म्हणून मीही धावलो. मी पोहोचलो तेव्हा ते तारेतून वाकून पलीकडे गेले होते आणि दिघोरीच्या बोलीत बोलत होते.

"बाई, चाला आंदर. ईज पडन."

सगळ्यांत वडील बाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "दरसालच पडते. आमचा रोवना अर्धा रायला. तुमी जा."

"पानी आला का तुमी त्या मोहाखाली जासान. मले मालूम हाय."

"मंग कोठं जाव आमी?"

"तेथं, क्लबात."

सगळ्या बाया हसल्या आणि पुन्हा वाकल्या. साडभाऊंनी एकदा वर पाहिलं, मग बुटांसकट बांधीत उतरले. पाणी त्यांच्या पोटऱ्यांपर्यंत आलं. "तुमी येत नाही तं मी बी येथंच उभा रायतो," ते म्हणाले आणि खरंच उभे राहिले. डोळे घट्ट मिटलेले. बाईने त्यांच्याकडे काही वेळ पाहिलं. "चाला वं बायांनो," ती शेवटी म्हणाली, "हा मानूस मरन येथं."

अशा रीतीने त्या बाया साडभाऊंना वाचवायला क्लबात आल्या. सभासदांखेरीज कोणी आत येऊ नये अशी पाटी दारावर होती. चिखलाची पावलं गालिच्यावरून थेट सोफ्यापर्यंत गेली. क्लबच्या चिटणीसांनी काही बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात खिडक्या पांढऱ्याशुभ्र झाल्या. आवाज असा झाला की काचा थरथरल्या आणि दिवे गेले. चिटणीसांनी तोंड मिटलं. ती वीज नेमकी कुठे पडली यावर आजतागायत एकमत नाही. मोहाला साधा ओरखडा नव्हता. बाया म्हणाल्या, तलावाकडे. वसाहतीतले म्हणाले, रुळांकडे. साडभाऊंनी फक्त घड्याळ बघितलं.

त्यानंतर गडगडत राहिलं आणि अर्धा तास नव्याने सुरू होत राहिला. पाहुणे निघून गेले. मोठ्या बाईने भजी खात हा खेळ काय आहे ते विचारून घेतलं. "एवढासा चेंडू गड्ड्यात टाकाचा, मंग झाला?" साडभाऊ हो म्हणाले. "मंग टाकून याचा होता नं," ती म्हणाली. तेव्हा ते हसले. संध्याकाळी बाया घरी गेल्या. साडभाऊ आणि मी अंधाऱ्या खोलीत बसलो होतो. त्यांची पँट वाळून कडक झाली होती. "आमची मोठी आई रोवण्यात गेली," ते एकदम म्हणाले. मोठी आई म्हणजे त्यांची थोरली काकू. तिनेच त्यांना वाढवलं होतं. "गावात सगळ्यायले दिसत होतं आभाळ. हाक कोणीच नाही मारली." सकाळी मैदानावर चेंडू सापडला नाही, पाण्याने कुठे वाहून गेला कोण जाणे. सामना अनिर्णित ठरला. साडभाऊंनी हरकत घेतली नाही.

पुढे ते निवृत्त झाले आणि मुलाकडे पुण्याला गेले. उंच इमारतीत, खूप वरच्या मजल्यावर राहतात. तिथे मन लागत नाही असं ते म्हणत नाहीत. तिकडचा पाऊस मुका आहे, एवढंच म्हणतात. गेल्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला तेव्हा इकडे भरून आलं होतं. "आवाज येऊन राहिला का?" त्यांनी विचारलं. मी फोन खिडकीबाहेर धरला. वैनगंगेच्या अंगाने लांबवर गडगडत होतं. फोन पुन्हा कानाला लावला तेव्हा पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, त्यांना अजून ऐकायचं असेल, म्हणून मी हात परत बाहेर काढणार, एवढ्यात ते म्हणाले, "बस झालं. खिडकी लावा, साडभाऊ. अन् आत जाऊन बसा."