कडी बाहेरून

आमच्या गल्लीतल्या सुताराचं खरं आडनाव आता कुणालाच आठवत नाही. गल्लीने त्याला खिळेकाढे हे आडनाव बहाल केलंय, आणि ते त्याला इतकं शोभतं की कुरिअरवालासुद्धा त्याच नावाने हाक मारतो. माझं इस्त्रीचं दुकान त्याच्या कारखान्याच्या अगदी समोर. त्यामुळे त्याच्या घरात काय चाललंय ते त्याच्याआधी मला कळतं, असं त्याची बायको म्हणते. म्हणू दे. कुणीतरी लक्ष ठेवायलाच हवं.

नव्या लाकडाला हा पठ्ठ्या हात लावत नाही. "कोवळं असतं. आज सरळ, उद्या वाकडं," म्हणतो. कुठे जुनी इमारत पाडायला घेतली की सासुरवाडीला निघाल्यासारखा गुळगुळीत दाढी करून निघतो आणि टेम्पोभर तुळया, फळ्या, चौकटी घेऊन येतो. मग दिवसचे दिवस पक्कड घेऊन खिळे उपटत बसतो. त्या लाकडातून काय काय निघतं म्हणून सांगू! एका फळीच्या पोकळीत कंगवा निघाला, केसांसकट. एका तुळईच्या खाचेत दातांची कवळी होती, व्यवस्थित फडक्यात गुंडाळलेली. गिऱ्हाइकांना तो यातलं अक्षरही सांगत नाही. "त्यांचं जेवायचं टेबल आहे ते. कशाला घास अडकवायचा?"

घर कारखान्याच्या डोक्यावरच. तो, बायको आणि त्याची आई. आईंना मी काकू म्हणतो. वर्षभरापासून काकूंचं डोकं फितूर झालं होतं. आधी भाजीतलं मीठ विसरल्या, मग मुलाचं नाव, मग घरच. दुपारी सगळ्यांचा डोळा चुकवून जिना उतरायच्या आणि "घरी जाते" म्हणत चालू पडायच्या. गाड्या येवोत नाहीतर रणगाडे, काकू आपल्या सरळ. एकदा तर नाल्याच्या कठड्यावर बसलेल्या सापडल्या, पाय पाण्याच्या बाजूला.

त्या दिवशी वहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, धीर सुटला. त्या दिवसभर पॅकिंगच्या कामाला जातात.

"अहो, तुम्ही मशीन चालू केलं की छप्पर उडालं तरी तुम्हाला कळायचं नाही. त्यांच्या खोलीला दार बसवा. कडी बाहेरून."

"आईला कोंडायचं?"

"मग काय नाल्यातून काढायचं?"

उत्तर नसलेला नवरा कामाला लागतो, तसा तोही लागला. कोपऱ्यात एक सागवानी दार पडून होतं, कुठल्याशा पाडलेल्या घरातल्या आतल्या खोलीचं. त्याने त्याचा रंग खरवडला. वर हिरवा, त्याखाली गुलाबी, त्याखाली पांढरा. सगळ्यात खाली, एका बाजूला, जमिनीपासून हातभर उंचीवर, खड्डे दिसले. नखाएवढे अर्धचंद्र. एकावर एक, एकावर एक, सगळे एकाच जागी.

"हे काय रे?" मी विचारलं.

"भांड्याची कड लागलीय. पेला असेल."

त्याने रंधा मारून ते खड्डे साफ केले. दार नवरदेवाच्या गालासारखं झालं. मग पॉलिशच्या आधी नेहमी करतो तसा ओला बोळा फिरवला, म्हणजे उरलेसुरले तंतू उभे राहतात आणि घासून काढता येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोकावलो तर अर्धचंद्र परत आलेले. आणि आता ते खड्डे नव्हते. वर उठले होते. आतून कुणीतरी नखं रोवून बाहेर यायला बघावं तसे.

"दाराला कांजिण्या आल्या की रे!"

"दाबलेलं लाकूड पाणी प्यायलं की फुगतं," तो म्हणाला. "त्यात काही विशेष नाही. जरा जास्तच खोल दाबलं गेलंय."

त्याने पुन्हा रंधा मारला, पुन्हा बोळा फिरवला. पुन्हा उठले. मी हसायचं थांबलो.

मग त्याने एक विचित्र गोष्ट केली. दार भिंतीला उभं केलं आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसला, गुडघे पोटाशी घेऊन. हातात पेला धरल्यासारखी मूठ पुढे केली. ती बरोबर त्या खुणांवर टेकली. तसाच बसून राहिला. मी दाराच्या मागे जाऊन बघितलं. तिकडच्या बाजूला, वर, जुन्या कडीची भोकं पुट्टी भरून बुजवलेली होती.

"कडी या बाजूला," मी म्हणालो, "आणि वाजवणं त्या बाजूला."

"तू गप रे, तोंडाळ," तो म्हणाला. पण माझ्याकडे बघितलं नाही.

तरी दार त्याने बसवलंच. फक्त उलटं केलं. गुळगुळीत बाजू आईच्या खोलीत, खुणांची बाजू बाहेर, जिन्यालगतच्या बोळात. आईच्या नजरेला त्या पडायला नकोत, एवढाच त्याचा हिशेब. म्हणजे त्या जुन्या घरात जी बाजू कोंडलेल्या माणसाकडे होती, ती आता आपल्याकडे आली. नवी कडी त्याने त्याच बाजूला ठोकली.

पहिल्या दिवशी वहिनी कडी लावून कामाला गेल्या. दुपारी उन्हाने गल्ली ओस पडली होती, खाली मशीन घरघरत होतं. ते जरा थांबलं आणि मला ऐकू आलं. ठक. ठक. मग शांतता. मग पुन्हा ठक, ठक. समोर खिळेकाढे मान वर करून उभा होता, मिशीला भुस्सा. तो जिन्याकडे धावला, त्याच्यामागे मी. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मला कधी बोलवावं लागतं?

आम्ही बोळात पोचलो आणि आवाज थांबला.

"आई?"

त्याने कडी काढली.

काकू दारामागे जमिनीवर बसल्या होत्या, हातात स्टीलचा पेला. आमच्याकडे बघून त्यांनी सुस्कारा टाकला. "उघडलंत? बरं झालं बाई. किती वेळची वाजवतेय ती."

"कोण गं?"

"ही. हिला कोंडलंय ना या खोलीत. ती वाजवते, मग मी वाजवते. कुणीतरी आहे, हे कळायला नको का तिला?"

या खोलीत, म्हणताना काकूंचं बोट बोळाकडे होतं. आम्ही उभे होतो तिथे. माझा खांदा दाराला टेकला होता, खुणा माझ्या गुडघ्याशी. मी बाजूला झालो. आयुष्यात पहिल्यांदा मला विनोद सुचला नाही.

"तहानलीय हो ती," काकू म्हणाल्या आणि पेला पुढे केला. त्याला नाही, मला नाही. आमच्या दोघांच्या मधे, खाली, जिथे कुणीच नव्हतं, तिथे.

खिळेकाढेने पेचकस आणला. आधी कडी काढली, मग बिजागऱ्या, मग दार.

संध्याकाळी वहिनींनी आल्या आल्या विचारलं, "काढलंत? आणि उद्या गेल्या म्हणजे?"

"मी मागे जाईन."

"आणि काम?"

"होईल तेवढं होईल."

वहिनी भांडायच्या तयारीत बोळात भिंतीला उभ्या केलेल्या दाराला टेकल्या, तळहात त्या खुणांवर पडला. त्यांनी तो झटकन उचलला, पदराला पुसला आणि काही न विचारता आत जाऊन चहा टाकला. वहिनींनी भांडण अर्धवट सोडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

दार आता कारखान्यात भिंतीकडे तोंड करून उभं आहे. एका गिऱ्हाइकाला त्याचं टेबल हवं होतं. "विकायचं नाही," एवढंच उत्तर मिळालं. काकू दुपारी जिना उतरल्या की हा मशीन बंद करतो, भुस्सा झटकतो आणि मागे निघतो. कामं रखडलीत, गिऱ्हाइकं कुरकुरतात. सरसाने चिकटवलेलं काम अर्धवट टाकता येत नसलं की त्याच्याऐवजी मी इस्त्री बंद करून जातो.

काकू हळू चालतात, डावा हात जरा खाली सोडून, मूठ मिटून. लहान मुलाला घेऊन जावं तशा. रस्ता आला की थांबतात. गाड्या जाऊ देतात. हे नवीन.

परवा न राहवून विचारलं, "काकू, कुणाला घेऊन चाललात?"

"हिला घर सापडत नाहीये."

"आणि तुम्हाला?"

"मला तरी कुठे सापडतंय, मेल्या? पण दोघी असलो की भीती नाही वाटत."

आणि मूठ जरा घट्ट करून त्या पुढे निघाल्या. मी मागून गेलो, उजव्या बाजूने.