शशीताईंचा गळा

शशीताई गेल्या त्या सकाळी मी भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आमच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये भाजी निवडत बसले होते. नागपूरच्या दवाखान्यातून त्यांच्या मुलीचा, पल्लवीचा फोन आला. "काकू, आई..." एवढंच ती बोलली. त्याला आता दीड महिना होईल. भिंतीपलीकडच्या त्यांच्या क्वार्टरला कुलूप आहे.

त्या आंधळगावच्या, विणकरांच्या घरातल्या. त्यांची आई मागावर बसून म्हणायची ती गाणी त्या भांडी घासता घासता म्हणायच्या, आणि माझा हात कामात थांबायचा. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याच सुमारास त्यांच्या पुण्याच्या भावानं एक सीडी आणून दिली. देशोदेशीच्या लोकांचं गाणं, तेही नुसत्या गळ्याचं, वाद्याशिवाय. एकाच गळ्यातून दोन सूर काढणारे गुराखी, जंगलात एकमेकींना साद घालत गाणाऱ्या बाया, मेलेल्या लेकासाठी रडत रडत गाणारी एक म्हातारी... पुरुष फॅक्टरीत गेले की आम्ही दोघी फरशीवर बसून ऐकायचो. शब्द एकही कळत नसे; कोण कशासाठी गातंय ते कव्हरवर वाचायचं. "पाय ना कुंदा," शशीताई म्हणायच्या, "हे बाई आपल्या धानाच्या रोवणीतल्या बायाइवानीच हाक देऊन राहिली!" म्हातारीचं गाणं लागलं की मात्र पदर डोळ्याला जायचा.

"तुमचंही टेप करून ठेवा ना," मी एकदा म्हटलं. त्या खळखळून हसल्या. "कायले वो? माहा गळा कुठी पळून चालला का?"

चार-पाच वर्षांनी आवाज बसला. सर्दी, सर्दी म्हणत महिने गेले. निघाला घशाचा कॅन्सर, आणि स्वरयंत्रच काढावं लागलं. घरी आल्यावर त्यांना बरं वाटावं म्हणून त्यांच्या यजमानांनी, भाऊजींनी, तीच सीडी लावली. शशीताई उठल्या, प्लेअर बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या. पुन्हा ती त्यांनी कधीच ऐकली नाही. मी रोज जाऊन बसायचे. दुखणं उलटलं, तेव्हा तर त्यांनी खुणा करणंही सोडून दिलं होतं.

गेल्या आठवड्यात पल्लवी आली. "काकू, आईचा आवाज तुमच्याकडं कुठी असन का? आमच्याकडं काहीच नाही." कुठल्या कुठल्या मुलखातली माणसं त्या सीडीत गात होती, आणि आमच्या शेजारणीचा एक सूर कुणी ठेवला नव्हता. मग मला माझ्या मुलाच्या बारशाचं शूटिंग आठवलं. शशीताईंनी पाळणा म्हटला होता! आम्ही घाईघाईनं कॅसेट लावली. पाळण्याची दोरी धरून शशीताई उभ्या, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत... आणि वरून सिनेमाचं गाणं. शूटिंगवाल्यानं सगळ्या कॅसेटभर तेच भरलं होतं.

पल्लवीनं टीव्हीचा आवाज पार बंद केला. पडद्याजवळ सरकून आईच्या ओठांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काकू, आता काय म्हणून राहिली ते?"

मला पाळण्याचे शब्द आठवत होते. मी ते सांगत गेले, नुसते शब्द. चाल काही माझ्या तोंडून निघेना.