हिरव्यात कापायचं

भाऊसो माळीकाम करायचा आणि तोंडानं इतका फटकळ होता, की रुईकर कॉलनीतल्या बायका त्याला चहा देण्याआधीच आपले गुन्हे कबूल करून टाकायच्या. कुणी गुलाबाच्या पानांवरून पाणी मारलेलं असायचं, कुणी काळे ठिपके पडून गळलेली पानं बुंध्याशीच राहू दिलेली असायची.

"आजारी माणसाचं हातरूण तसंच ठेवतासा काय? मग ही पानं कशापायी ठेवलीसा? गोळा करा, जाळा," असं तो गेटातूनच ओरडायचा. बायका हसायच्या आणि झाडू शोधायला जायच्या.

सकाळी उचगावातून तो सायकलीनं निघायचा. पिशवीत कात्री, स्पिरिटची बाटली आणि डब्यात मोरचूद-चुन्याचा लगदा. कोवळ्या शेंड्यांवर पिठासारखी भुरी दिसली, की उन्हं चढायच्या आत गंधक फवारून मोकळा. ठिपके, भुरी, मावा यांचं त्याला काही वाटायचं नाही. पण एखादी फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली यायला लागली, की त्याची बडबड बंद व्हायची. ही मर. हिला फवारणी चालत नाही, कात्रीच लागते. काळं संपतं तिथं न कापता त्याच्या खाली, चांगल्या हिरव्यात कापायचं, कापल्या जागी लगदा फासायचा आणि दुसऱ्या झाडाला हात लावण्याआधी कात्री स्पिरिटनं पुसायची.

"अहो, त्या फांदीला कळी आहे!" बंगल्यातली बाई कळवळायची.

"कळीकडं बघू नगासा. आज बोटभर गेलं तर झाड ऱ्हातंय. कीव केलीसा की बुडक्यासकट जातंय." एवढं बोलून होईतो कळीसकट फांदी खाली पडलेली असायची.

घरी त्याची बायको बायडाबाई होती. असल्या फटकळ माणसाबरोबर संसार करायचा तर अंगी एक तर मोठा राग हवा नाही तर मोठं हसू. तिच्याकडं हसू होतं. भाऊसोनं छाटणीच्या काड्या घरी आणायच्या आणि तिनं परसात बसून त्यांची कलमं लावायची, असा दोघांचा जुना रिवाज. पहिलं फूल आलं की बुद्धाच्या फोटोपुढं, मग रोपं बाजारात. बायडाबाई चालायची अशी झपाझप, की भाऊसोची सायकल मागं पडावी, आणि परसात तर कायम अनवाणी. शुगर निघाल्यावर डॉक्टरांनी चप्पल घालायला सांगितलं होतं. तिनं चप्पल घेतली आणि लग्नकार्यासाठी ठेवून दिली.

यंदाच्या छाटणीत काड्या निवडताना तिच्या पायात काटा मोडला. पाय बधिर झालेले, तिला कळलंच नाही. कळलं ते भाऊसोला, मोरीवर तिचे पाय दिसले तेव्हा. उजव्या पायाच्या एका बोटाचं टोक काळं पडलं होतं.

"येवढं झालं तरी कळलं न्हाय व्हय तुला?"

"दुखलंच न्हाय, तर कळंल कसं?"

दुसऱ्याच दिवशी त्यानं तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाय बघितला, तिला बाहेर बाकावर बसवलं आणि भाऊसोला आत थांबवलं. बाईमाणसाचं दुखणं आधी तिच्या माणसाला सांगायचं, ही आपल्याकडची रीतच. डॉक्टर म्हणाले, बोट काढावं लागेल. लगेच काढलं तर पाऊल वाचेल, थांबलात तर कुठवर जाईल सांगता येत नाही. भाऊसोनं मान हलवली. त्याला हे समजावून सांगावंच लागलं नाही.

"त्यांना मी सांगू का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नगं. मी सांगतो."

तो बाहेर आला. बायडाबाईनं मान वर करून विचारलं, "काय म्हणालं?"

त्याच्या तोंडून निघालं, "गोळ्या दिल्यात. उतरंल."

भाऊसोला इथं शिव्या घालणं सोपं आहे. पण झाडावर कात्री चालवता येते, कारण झाड उलटून आपल्याकडं बघत नाही. बायडाबाई बघत होती.

मग तो रोज संध्याकाळी कोमट पाण्यानं तिचा पाय धुवायला लागला. कडुलिंब, हळद, स्वच्छ फडकं, सगळं स्वतःच्या हातानं. तिला काळं दिसू नये म्हणून पट्टीही तोच बांधायचा. बायडाबाई लाजून म्हणायची, "माझ्या बापानंबी कवा माझं पाय धुतलं न्हाईत." ती सुखावली होती. तिला ही माया वाटत होती, आणि मायाच होती ती. काळं मात्र बोटावरून पावलावर आलं. त्या आठवड्यात रुईकर कॉलनीत एक काळी फांदी त्यानं बघितली आणि न कापता तसाच पुढं गेला.

आजऱ्याला दिलेली लेक दीप्ती भेटायला आली. उंबऱ्यातच तिला वास आला. बाप नको नको म्हणत असताना तिनं पट्टी सोडली, आणि मग रिक्षा, दवाखाना, ऑपरेशन. तोवर रोग पिंढरीपर्यंत गेला होता. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

चार दिवसांनी डॉक्टर तपासायला आले. बोलता बोलता बायडाबाईला म्हणाले, "मी तेव्हाच सांगितलं होतं, नुसतं बोट काढू म्हणून. तुम्ही सगळ्यांनी फार उशीर केलात." दीप्ती खाली औषधं आणायला गेली होती. डॉक्टर पुढच्या खाटेकडं गेले. बायडाबाईनं नवऱ्याकडं बघितलं.

"तवाच सांगितलेलं व्हय?"

"व्हय."

"मग?"

"तुला भ्या वाटंल म्हणून..." तो अडला. "मला भ्या वाटलं, बायडे. तुला न्हाय, मला."

तिनं चादरीवरून हात खाली नेला आणि चादर सपाट पडली होती तिथं ठेवला. ती चिडली असती, रडली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसती त्याच्याकडं बघत राहिली.

"मी व्हयच म्हटलं असतं की," ती म्हणाली. "माझा पाय हुता वो. मला इचारायचं तरी."