लाल ओळ

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाई. पोरीले नाई, भावाले नाई — अन जिले सांगायचं होतं ते सुमन, माही बायको, ते आता गेली. तुमाले सांगतो. ऐका, नाई त नका ऐकू.

एटापल्लीच्या रस्त्यावर आमच्या ओसरीत सुमन अंगठ्याचं सेंटर चालवे. म्हाताऱ्या लोकायची पेन्शन अंगठा लावून निघे. मी चौथीतून सुटलेला सुतार. सुमन सातवी शिकलेली. कॉम्प्युटर मात्र तिनंच शिकला, नागपूरच्या आमच्या पोरीकडून, फोनवर.

वैशूनं, म्हणजे पोरीनं, त्यात तपासणारा एक प्रोग्राम टाकून देल्ला होता. कॉम्प्युटरात बारके बारके प्रोग्राम एकमेकाले टेकून उभे असतेत. एक अपडेट केला का दुसरा पडते. कोणता पडन ते हा आधीच लाल ओळीत दाखवे, अन विचारे — करू का नको? मांडवाची मेढ, म्हणजे खांब, काढाच्या आधी वर पाहून घेतो ना आपण, तसं. सुमननं बजावलं होतं, "लाल आलं का हात नाई लावाचा. मले आवाज द्याचा." मले इंग्रजी येत नाई. पण लाल कोणाले कळत नाई?

एकदा सुमन आलापल्लीले मयतीले गेली होती. झाडीपट्टीच्या नाटकाचा व्हिडिओ कोणीतरी मले आणून देल्ला होता, तो सेंटरच्या कॉम्प्युटरवर चालेना. अपडेट मागून राह्यला. लाल ओळ आली. मी पाह्यली — चांगली पाह्यली. मेढीवर काय टेकलं असते, हे सुताराले सांगाव लागते का? तरी दाबलं. काऊन? लोक माह्या घराले 'सुमनबाईचं घर' म्हणत, ते सलत होतं? असन. नाटक पुरं पाह्यलं. हासलो बी.

दुसऱ्या दिवशी बाजार. सुमन रातीच परतली होती, सकाळी तिनंच मशीन सुरू केली. मशीन कोणाचाच अंगठा घेईना. जंगलातून चालत आलेली झुरीबाई लुगड्याले बोट पुसून पुसून लावे — "बाई, माहा अंगठा मेला का वो?" मागून कोणीतरी बोललं, "बाईच्या हाती मशीन देल्ली, मंग काय होईन!" सुमन हात जोडून उभी. लोक तसेच परतले.

वैशूनं नागपुरातूनच सारं पाह्यलं, नीट केलं. मंग म्हणे, "आई, लाल आलं होतं. तरी कोणीतरी 'हो' दाबलं."

सुमननं माह्याकडे पाह्यलं. "तुमी त नाई ना जी?"

"मी काऊन दाबू? तूच दाबलं असन, अन भुलली असन."

बस. एवढंच बोललो.

"असन बापा," म्हणे. "आठवत नाई."

तवापासून ते स्वतःलेच भ्याले लागली. कडी लावून परत पाहाले जाये. मशीनपाशी एकेक ओळ तीन-तीनदा वाचे. मंग सेंटरच बंद केलं — "माहं डोकं चालत नाई आता." मी बाजूले बसून ऐकत होतो. रोज.

पोटाच्या रोगानं अंथरूण धरलं तिनं. पोटाच्या — डोक्याच्या नाई. चंद्रपूरच्या दवाखान्यात माहा हात धरून विचारे, "खरंच मीनं दाबलं होतं का जी? मले कसं काहीच आठवत नाई?"

मी तिले पाणी पाजलं.

तिचं डोकं शेवटपर्यंत नीट होतं. दाबलं मीनं होतं.