कोंडेसरांचं ‘आपोआप’

कोंडेसर स्कूटर लावत नसत, सोडत असत. शिरूरच्या बाजारपेठेत आमच्या कॉम्प्युटर प्रोग्राम लिहिण्याच्या दोन खोल्यांच्या ऑफिससमोर भर रस्त्यात ती सोडून वर यायचे. “लावंल कुणीतरी कडंला.” आणि लोक लावायचेही! घरी तर त्यांच्यामागून आवरणारी एक अख्खी यंत्रणाच होती. तिला आम्ही वहिनी म्हणायचो.

गेल्या वर्षी सर गेले. माणूस प्रेमळ; हात तेवढा कशाला लावायचा नाही.

अशा माणसाला जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत फायनलायझर सापडला, म्हणजे देवच भेटला. वापरून झालेल्या वस्तू ही भाषा मेमरीतून स्वतः झाडून नेते, आणि नेण्याआधी त्यांची शेवटची आवराआवर करते, ती या फायनलायझरमधून. “बघ पोरी, आपुन नुसतं उघडायचं. बंद व्हतंय आपोआप!” मी तेव्हा कोर्सचं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला टांगलेली विदुषी. मान अशी डोलावली की नंदीबैलानं माझ्याकडे शिकवणी लावावी.

दौंडकडच्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा प्रोग्राम आम्ही केला. उसाची ट्रॉली आली की कॉम्प्युटरला काट्याशी जोडणारी लाईन उघडायची, वजन घ्यायचं; बंद करणं फायनलायझरवर. कॉम्प्युटर जुना, मेमरी इवलीशी. अडखळत का होईना, चालायचा. “सर, मेमरी वाढवा,” हा थोर सल्ला माझा. ऐन हंगामात नवा, दांडगा कॉम्प्युटर बसवला.

दुसऱ्याच ट्रॉलीला काटा गप्प!

काट्याच्या केबिनबाहेर ट्रॅक्टरची रांग, डोक्यावर ऊन. सर आतून सांगत होते, “व्हईल आपोआप!” एक मामा खिडकीशी आले. “ओ साहेब, ऊस वाळतोय. वजन उतरतंय आमचं. तुमचं आपोआप कवा व्हायचं?”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. “सर, मेमरी झाडणारा जागा कमी पडली तरच येतो. आपण त्याला मैदान दिलंय. आता तो कशाला येतोय?”

“म्हंजी पहिली लाईन अजून उघडीच हाय?”

“हो ना. ती बंद झाल्याशिवाय दुसरी उघडत नाही.”

“मग कवा यील त्यो?”

“येईल कधीतरी. नाहीतर येणारही नाही.”

वजन घेतल्याबरोबर लाईन बंद करणारी ओळ मी घातली आणि ट्रॉल्या हलू लागल्या. वळून बघते तर खुर्ची रिकामी.

सर रांगेत होते. एकेका ट्रॅक्टरपाशी थांबून हात जोडत होते. “चूक माझी हाय. तुमचा ऊस वाळला.” मेमरीचा सल्ला कुणाचा, हे त्यांनी एकालाही सांगितलं नाही. मी तरी कशाला सांगतेय!

मी पळत गेले. “सर, ऊन लागेल. केबिनमध्ये लाउडस्पीकर आहे की, त्यावरून एकदाच सांगा सगळ्यांना.”

“लाउडस्पीकरला काय लाज वाटती व्हय?” म्हणाले, आणि पुढच्या ट्रॅक्टरकडे निघाले.

शेवटच्या ट्रॅक्टरवरचा गडी मात्र वैतागला. “आवो साहेब, झालं की आता! हात सोडा, आन् वाटबी सोडा. माझी ट्रॉली जाऊ द्या काट्यावर.”