माईकवर बोललेला शब्द

पेठच्या दूध डेअरीवर पहाटेचं पहिलं कॅन यायच्या आत दादाभाऊ अर्धा घाट चढून माघारी आलेला असायचा. पावसात डोक्यावर खोळ, थंडीत कानाला मफलर, उन्हाळ्यात नुसता सदरा. पण चालणं कधी चुकलं नाही. नाशिककडं जाणाऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर त्याला ओळखून हॉर्न द्यायचे. तो हात वर करायचा नाही. चालताना हात वर केला की दम मोडतो, असं त्याचं म्हणणं. अशी त्याची पुष्कळ म्हणणी होती, आणि त्यातलं एकही त्यानं स्वतःपाशी ठेवलं नव्हतं.

वीस वर्षं त्याचं काम एकच. आलेल्या दुधाचा नमुना घ्यायचा, फॅटच्या मशीनला लावायचा, आकडा सांगायचा. पुढ्यात सकाळ-संध्याकाळ दूध वाहायचं, आणि हा माणूस कोरा चहा प्यायचा, तोही बिनसाखरेचा. तूप नाही, तळण नाही, मटण-अंडी नाही, तंबाखू नाही. घरी बायको नूतन त्याची भाजी वेगळ्या पातेल्यात नुसत्या पाण्यावर शिजवायची.

फॅट कमी लागली की शेतकरी कुरकुरायचे.

"दादाभाऊ, गाईला सरकी पेंड चालू केली की राव. तरी फॅट तीन पॉइंट दोनच?"

"तिच्या आईला किती लागायची?"

"तिलाबी तेवढीच."

"मग? पेंडीनं पॉइंट-दोन पॉइंट हलंल. मूळ हलत न्हाई. फॅट गाईच्या रक्तात असती, गव्हाणीत न्हाई."

हे त्यानं हजार वेळा सांगितलं असेल. गाईंबद्दल सांगितलं. माणसांबद्दल त्याचं मत वेगळं होतं.

त्याचे वडील भिमाजी कांदे काढता काढता बांधावर टेकले ते उठलेच नाहीत. त्रेचाळिसाव्या वर्षी. दादाभाऊ तेव्हा अकरा वर्षांचा. थोरला भाऊ गेणभाऊ शाळा सोडून शेतात उतरला आणि त्यानं धाकट्याला बारावीपर्यंत शिकवलं. गेणभाऊ अंगानं दांडगा, मनानं मोकळा. त्याला खायची आणि खाऊ घालायची हौस. बायको वृषालीच्या हातची मासवडी म्हणजे त्याचा जीव की प्राण. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, लसूण भरून वळलेली ती वडी सुरीनं कापली की आतली नक्षी तो आधी पाहुण्यांना दाखवायचा, मग लाल तर्रीचा रस्सा स्वतः वाढायचा. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी मोटारसायकलला किक मारता मारता तो अंगणात कलंडला. एक्केचाळीस वर्षांचा होता. मंचरला नेईपर्यंत संपलं होतं.

आमच्याकडं दहाव्याला ओढ्याच्या घाटावर माईक असतो. पिंडदान चालू असतं, प्रवचन चालू असतं आणि शेवटी चार माणसं उठून श्रद्धांजली वाहतात. गेणभाऊच्या दहाव्याला कावळा शिवेना. तास गेला. मुलीचं शिक्षण करू म्हणून शब्द दिला, आईला सांभाळू म्हणून शब्द दिला. कावळे बाभळीवर बसून राहिले. मग वृषाली कुणाला काही न विचारता घरी गेली आणि ताट घेऊन आली. मासवडी आणि रस्सा. नवऱ्याच्या दहाव्याला चूल पेटवून तिनं ती केली होती. कशी केली असेल, तिचं तिला ठाऊक. ताट ठेवलं आणि कावळा झेपावला. बायकांच्या डोळ्यांना पाणी आलं.

दादाभाऊच्या हातात तेव्हा माईक होता. दहा दिवस तो झोपला नव्हता. बाप गेला, भाऊ गेला, आता पाळी आपली, हे भय त्याला सोडत नव्हतं, आणि त्या भयाला कुणीतरी गुन्हेगार हवा होता.

"बघा मंडळी," तो म्हणाला, "मेल्यावरबी जीभ सुटली न्हाई. ह्याच ताटानं माझा भाऊ नेला. आता तरी शहाणे व्हा."

माईकवरून ते ओढ्यापलीकडं गेलं. वृषाली ताटाशेजारीच उभी होती. तिनं पदर तोंडाशी धरला आणि तशीच उभी राहिली. कावळा उडून गेला तरी ती हलली नाही.

त्या दिवसापासून ती दिराशी बोलली नाही. तिनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. तिनं त्याचं बोलणं खरं मानलं. घरात तेलाची बाटली आणणं बंद केलं. तेरा वर्षांची आरोही, तिची एकुलती एक मुलगी, त्या दिवसापासून उकडलेल्या भाज्या खात मोठी झाली. सणालाही कढई चढली नाही. शेजारची धोंडाबाई सांगायची, "पोरगी आमच्या दारावरनं जाताना फोडणीचा वास घेत उभी ऱ्हाती गं. बोलावलं तर येत न्हाई. आईला शब्द दिलाय म्हणती."

दादाभाऊला हे कळायचं. त्याला त्यात चूक दिसली नाही. उलट, वहिनी सुधारली, असं तो नूतनला म्हणाला होता.

यंदा डेअरीच्या वर्धापनदिनी आरोग्य शिबिर भरलं. रक्त द्यायला माणसं कचरत होती. दादाभाऊनं सर्वांत आधी बाही वर केली. "घ्या माझं. निदान एक रिपोर्ट तरी चांगला निघंल गावात."

चार दिवसांनी रिपोर्ट आले. त्याचं कोलेस्टेरॉल तीनशे बावन्न. यादीत सर्वांत वर त्याचं नाव. शिबिराच्या तरुण डॉक्टरनं मान वर न करता सांगितलं, "काका, तूप, लोणी, तळलेलं सगळं बंद करा. रोज चालत जा."

दादाभाऊनं रिपोर्ट त्याच्याकडं परत सरकवला. मग म्हणाला, "मशीन तपासून घ्या. मी वीस वर्षं मशीनवर आहे. मशीन चुकतं."

मशीन चुकलं नव्हतं. मंचरला दुसरीकडं केलं, तिथं तीनशे अठ्ठेचाळीस. तोवर गावात बातमी पिकली होती. डेअरीवर रांगेत कॅन घेऊन उभी असलेली माणसं आता त्याच्या चहाच्या पातेल्यात डोकावायची.

"दादाभाऊ, साय कुठं ठिवता?"

"दिसतो कोरडा, पण कॅनाचं झाकण उघडायचं काम त्याच्याकडंच हाय नव्हं."

"तरीच म्हणलं, आमची फॅट कमी का लागती."

माणसं हसायची. तो आकडा सांगायचा, पुढचं कॅन ओढायचा. नूतन मात्र घरी रडली. "अहो, मी माझ्या हातानं पाण्यात शिजवते. आणि बाया मला विचारत्यात, गुपचूप काय करून घालतीस म्हणून. मी काय घातलंय तुमाला?"

त्या वाक्यावर तो दचकला. असाच प्रश्न सहा वर्षांपूर्वी एका बाईनं मनात विचारला असेल. पण तेव्हा तिचं ऐकायला कोण होतं?

शेवटी तो पुण्याला हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडं गेला. वयस्कर बाई. त्यांनी रिपोर्ट नुसता चाळला आणि त्याला पायताण काढायला सांगितलं. टाचेच्या वरची शीर दोन बोटांत धरून दाबली. जाड, गाठाळ होती. मग त्याचे डोळे उजेडाकडं वळवले. पापणीच्या कोपऱ्यात पिवळट डाग होते.

"हे लहानपणापासून?"

"टाचा तरुणपणापासनं अशाच. आमच्या घराण्यातच हायेत. बापाच्या व्हत्या. चालणाऱ्याच्या टाचा म्हणत्यात."

"वडील?"

"त्रेचाळिसाव्या वर्षी गेले. झटक्यात."

"भाऊ?"

"एक्केचाळीस."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ह्या गाठी कोलेस्टेरॉलच्या. हे तुमच्या जेवणातून आलेलं नाही. रक्तातून आलंय, वडिलांकडून. तुम्ही तूप खाल्लं असतं तर थोडं वाढलं असतं, नाही खाल्लं म्हणून थोडं कमी आहे. पण मूळ पथ्यानं हलायचं नाही. गोळ्या लागतील, कायमच्या. वेळेवर घेतल्या तर माणूस चांगला जगतो. तुमच्या भावाला कुणी सांगितलं असतं तर तोही जगला असता."

गाईची फॅट रक्तात असते, हे जन्मभर सांगणाऱ्याला ते वाक्य समजावून सांगावं लागलं नाही.

"भावाला मुलं?"

"एक मुलगी. एकोणीस वर्षांची."

"तिचं रक्त आधी तपासा. निम्मी शक्यता असते. आणि तिच्या टाचा बघा."

टाचा बघायची गरज नव्हती. गेल्या दिवाळीला आरोही घरी येऊन त्याच्या पाया पडली तेव्हा तिच्या टाचांकडं बघून तो कौतुकानं म्हणाला होता, "आमच्याच घराण्याची गं तू."

सहा वर्षांत पहिल्यांदा तो वहिनीच्या ओट्यावर गेला. ती लसूण निवडत होती. तिनं बस म्हटलं नाही. त्यानं उभ्यानंच सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंचे शब्द जसेच्या तसे. गेणभाऊ जेवणानं गेला नाही. आरोहीचं रक्त तपासायला हवं. उद्याच.

वृषालीनं पाकळी सोलून वाटीत टाकली. "म्हंजी माझ्या ताटानं न्हाई गेले."

"न्हाई वहिनी."

"हे तुमी इथं सांगताय, भाऊजी. माझ्या ओट्यावर. कोण हाय इथं? मी, आन् हे लसणाचं टरफाल. तवा सांगितलंत तवा गाव व्हतं. पाचशे माणूस व्हतं, माईक व्हता."

"माझं चुकलं."

"सहा वरीस बाया माझ्या हातचं पाणी घेताना बोटं आखडून घेत्यात. सहा वरीस पोरीला फोडणी दिली न्हाई मी. जिथं बोललात तिथं जाऊन सांगा. मग न्या पोरीला तपासायला."

"वहिनी, उशीर करू नका. जीव हाय तो तिचा."

"माझाबी व्हता," ती म्हणाली आणि आत गेली.

आरोही दारात उभी होती. "काका, आई म्हणंल तेव्हाच येईन मी," असं म्हणून तिनं दार लोटलं.

दादाभाऊला खरं म्हणजे दुसरीकडून वाट काढता आली असती. तिच्या कॉलेजात जाऊन तिला पटवता आलं असतं. नूतननं तसं सुचवलंही. पण त्या दाराशी उभं राहून त्याला कळलं होतं की, हा हिशोब मुलीचा नाही, वहिनीचा आहे. त्याला माईकची भीती वाटत होती, आणि ती भीतीच त्याला तिकडं ढकलत होती. आठवड्यानं शेजारची धोंडाबाई गेली. ब्याऐंशी वर्षांची. रोज वाटीभर दही खायची, तंबाखू मळायची, आणि झोपेतच गेली. तिच्या दहाव्याला दादाभाऊनं नाव दिलं.

पुढारी बोलून झाले. मग निवेदकानं पुकारलं, "डेअरीचे दादाभाऊ श्रद्धांजली वाहतील."

त्यानं माईक धरला.

"धोंडाबाईविषयी काय बोलू? ती जगली. मी वेगळं बोलायला उठलोय. सहा वर्षांमागं ह्याच जागी मी माझ्या भावाला आन् वहिनीला बोल लावला. ताटानं मेला म्हणलो. ते खोटं व्हतं. तो आमच्या रक्तानं मेला. तेच रक्त माझ्यात हाय, माझा रिपोर्ट तुमी सगळ्यांनी वाचलाय. मी साय खात न्हाई. माझ्या भावानं त्याचं मरण खाल्लं न्हाई. वहिनी, तुमच्यासमोर, गावासमोर सांगतो, माझी चूक झाली."

घाटावर शांतता पसरली. ती टिकली असती तर गोष्ट तिथं संपली असती. पण मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हंजी आता मटणाला परवानगी का दादाभाऊ?" दोन-चार जण हसले. एकानं शेजाऱ्याला सांगितलं, "बघ, खाण्यानं काय व्हत न्हाई. सोताच सांगतोय." पाच मिनिटांत त्याच्या बोलण्यातून गावानं आपल्याला हवं ते उचललं, आणि ज्या घरांत कमी वयात माणसं गेली होती, त्यांतल्या एकानंही येऊन त्याला काही विचारलं नाही.

बायकांच्या बाजूनं वृषाली उठली. तिनं आरोहीला हात धरून उठवलं. दादाभाऊच्या समोरून जाताना थांबली. "उद्या सकाळची एसटी," एवढंच म्हणाली.

रक्त दिल्यावर तिसऱ्या दिवशी दादाभाऊ मंचरहून रिपोर्ट घेऊन आला. ओट्यावर पाय ठेवला तोच वास आला. तीळ, खोबरं, तापल्या तेलातला लसूण. सहा वर्षांनी त्या घरात कढई चढली होती. परातीत मासवडी कापून मांडली होती, एकेक नक्षी वर करून, गेणभाऊ मांडायचा तशी. वृषालीचा चेहरा चुलीच्या धगीनं लाल झाला होता, आणि कधी नव्हे ते ती हसत होती.

"बसा भाऊजी. तुमचं पान वाढते."

त्यानं कागद पुढं केला. तिनं पदराला हात पुसून घेतला. आकडा मोठ्यानं वाचला. "तीनशे एकवीस." मग ती भिंतीला टेकली.

"उकडलेलं खाऊन," ती म्हणाली. "सहा वरीस उकडलेलं खाऊन. म्हंजी खरंच मी न्हाई. माझ्या हातानं न्हाई गेले ते." तिचे डोळे भरून आले, जणू कुणी सहा वर्षांचं ओझं डोक्यावरून उतरवलं. आणि तशातच तिची नजर कागदावर वर सरकली, जिथं नाव छापलेलं होतं. ज्या कागदानं तिला सोडवलं, तो तिच्या पोरीचा होता.

दादाभाऊ गोळ्यांचं सांगत राहिला. वेळेवर कळलंय, बाई म्हणाल्यात माणूस चांगला जगतो, रोज एक गोळी. तो नीट सांगत होता, पण त्याचा आवाज डेअरीवरचा राहिला नव्हता.

आरोही आतून हात धुऊन आली. तिनं परातीकडं पाहिलं, मग आईकडं, मग काकाकडं. रस्सा निवत चालला होता, त्यावर तर्री साखळून पिवळी कड धरत होती.

"आई," तिनं विचारलं, "मी खाऊ का?"

काकानं आईला नाही म्हणायला शिकवलं होतं, आईनं ते सहा वर्षं म्हटलं होतं. दोघं एकमेकांकडं बघत राहिले.